बाकी शून्य, बाकी एक

गणिताला प्रॅक्टिकल असतं म्हटलं की लोक हसतात. प्रमोदिनी राऊत मॅडमही आधी हसल्याच होत्या. रसायनवाल्यांनी परीक्षानळ्या फोडाव्यात, प्राणिशास्त्रवाल्यांनी झुरळं कापावीत, आणि गणितवाल्यांनी फळ्यापुढे उभं राहून खडूची भुकटी खावी, अशी वाटणी त्यांनी मनाशी कधीच करून टाकली होती. पण नवा अभ्यासक्रम आला. त्यात स्वच्छ लिहिलेलं, की बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला गणिताची प्रॅक्टिकलं संगणकाच्या लॅबमध्ये घ्यायची, परीक्षाही तिथेच, आणि त्यात वेगळं पास व्हायचं. तेव्हा मॅडमचं हसू मावळलं ते मावळलंच.

वसईच्या त्या कॉलेजात मॅडमचा दबदबा होता. राऊत मॅडमचं गणित फळ्यावर चुकत नाही, असं पोरं म्हणायची. म्हणता म्हणता ते मॅडमनाही पटलं होतं, आणि इथेच खरी गोम होती. ज्याचं कधी चुकत नाही त्याला विचारायची सवयच राहत नाही. लॅब होती युजीन डाबरेच्या ताब्यात. युजीन संगणकशास्त्र शिकवायचा, पण काही वर्षांपूर्वी हाच युजीन मॅडमच्या वर्गात मागच्या बाकावर बसून पेंगायचा. आता त्याच्याकडे जाऊन ‘बाबा रे, हे कसं करायचं?’ म्हणायचं म्हणजे मॅडमना अगदी जिवावर यायचं. मशीन कसं सुरू करायचं, समीकरण कुठे टाकायचं, कोणतं बटण दाबायचं, एवढं त्यांनी शिकून घेतलं. पुढचं त्यांनी विचारलं नाही, आणि युजीननेही सांगितलं नाही. आपल्याच बाईंना शिकवायचा आगाऊपणा कोण करणार?

परीक्षेला त्यांनी निवडली न्यूटनची पद्धत. ही तशी सोपी गोष्ट. समीकरणाचं उत्तर सरळ सापडत नसलं की आधी एक अंदाज धरायचा. तो सूत्रात घातला की थोडा वेगळा अंदाज बाहेर पडतो. तो पुन्हा सूत्रात घालायचा. असं करत गेलं की आकडे इकडेतिकडे भटकतात आणि शेवटी एका जागी येऊन हलायचे थांबतात. जिथे थांबले ते उत्तर. हाताने केलं तर पानंच्या पानं भरतात, मशीन ते चुटकीसरशी करतं.

अडचण होती कॉपीची. वर्गात पोरं पेपर तरी झाकतात, लॅबमध्ये मात्र एकाचा स्क्रीन म्हणजे अख्ख्या गावाचा फळा. मॅडमनी त्यावर एक डाव शोधला. प्रत्येकाने आपल्या रोल नंबरला पाचाने भागायचं आणि जी बाकी उरेल तोच पहिला अंदाज धरायचा. शून्य, एक, दोन, तीन, चार, ज्याची जी बाकी असेल ती. म्हणजे शेजारी शेजारी बसलेल्या दोघांच्या वाटा वेगळ्या, आणि देऊळ मात्र एकच. मागून फिरताना दोघांचे आकडे सारखे दिसले की चोर सापडला! पेपरवर फक्त पहिला अंदाज आणि शेवटचं उत्तर लिहायचं.

हा डाव सुचला त्या दिवशी मॅडम इतक्या खूश होत्या, की होळी गावातल्या आपल्या घरी पोचल्यावर पाय धुवायच्याही आधी त्यांनी तो वाडीत उभ्या असलेल्या नवऱ्याला ऐकवला. रामचंद्रराव केळीच्या बुंध्याशी पाणी सोडत होते. सगळं ऐकून म्हणाले, “कशाला छळतेस गं पोरांना?” मॅडमनी ते कौतुक म्हणून घेतलं.

समीकरण त्यांनी मुद्दाम कुठल्या गाइडात सापडणार नाही असं घेतलं. एक्सचा घन, वजा दोन एक्स, अधिक दोन. त्यांनी ते लॅबमध्ये एकदा चालवूनही पाहिलं. पहिला अंदाज दोन धरला. आकडे थोडे भटकले आणि उणे १.७६९३ वर येऊन गप्प बसले. झालं. शितावरून परीक्षा भाताचीच करावी, समीकरणाची करू नये, हे त्यांनी स्वतः कितीतरी वर्गांना शिकवलेलं. पण दुसऱ्याला शिकवलेलं आपल्याला वेळेवर आठवतं कुठे?

परीक्षेच्या दिवशी लॅबमध्ये एसीचा गारवा आणि कीबोर्डांचा टकटकाट होता. मॅडम हात मागे बांधून मशीनांच्या रांगांमधून फिरत होत्या. एकेकाच्या स्क्रीनवर आकड्यांचा उभा रकाना सरसर खाली जात होता आणि तळाला उणे १.७६९३ येऊन थांबत होता. मॅडमना बरं वाटत होतं. आपण उगाच भ्यायलो ह्या यंत्रांना, असं त्यांच्या मनात येतंय न येतंय तोच पुढच्या रांगेतून हात वर झाला.

हात अश्लेषा गुरवचा होता. अश्लेषा विरारच्या मनवेलपाड्यातल्या चाळीतून यायची. वडील वसई पूर्वेच्या एका कारखान्यात मशीनवर होते. वर्गातली पोरं गणिताला विषय म्हणून आली होती, ही गणितासाठी आली होती. तास संपल्यावर मॅडमच्या मागे मागे जिन्यापर्यंत प्रश्न विचारत यायची. तिला एम.एस्सी. करायचं होतं. घरात तेवढं शिकलेलं कुणी नव्हतं, आणि वडिलांनी ‘एका फटक्यात पास होत गेलीस तर शिक, नाहीतर नोकरी बघ’ असं सांगून ठेवलेलं. हे मॅडमना माहीत होतं.

“मॅडम, माझं थांबतच नाहीये.”

“काय थांबत नाहीये?”

“आकडे. शून्य येतं, मग एक येतं, परत शून्य, परत एक. चालूच आहे.”

मॅडम वाकून बघू लागल्या. खरंच, स्क्रीनवरून शून्य आणि एक, शून्य आणि एक, असे नुसते खाली चालले होते. अश्लेषाचा रोल नंबर एकेचाळीस, बाकी एक. पहिला अंदाज तिने बरोबर टाकला होता.

“समीकरण चुकलं असेल. पुसून परत टाक.”

तिने पुसून परत टाकलं. येरे माझ्या मागल्या. शून्य, एक, शून्य, एक.

मॅडमनी लॅबच्या प्रल्हादला हाक मारली. प्रल्हाद मिठागरांकडच्या गावचा, लॅबमधल्या प्रत्येक मशीनशी त्याचं भांडण होतं. त्याने मागची वायर काढली, लावली, मशीन बंद करून चालू केलं आणि मान हलवली. “ह्या मशीनचं काय खरं नाय मॅडम. लय दिवसापासनं नाटकं करतंय. पन थांबा, खिडकीकडचं देतो, ते शहानं आहे.”

अश्लेषा पेपर, पेन, पाण्याची बाटली उचलून खिडकीकडच्या मशीनवर गेली. आता सगळी लॅब माना वळवून बघत होती. शहाण्या मशीननेही तेच केलं. शून्य, एक, शून्य, एक.

मॅडमच्या डोक्याचा भुगा व्हायची वेळ आली. एक मशीन बिघडेल, पण दोन? आणि दोन्ही मशीनं अगदी सारखी बिघडतील? की ही मुलगीच काहीतरी करतेय आणि आपल्याला दिसत नाहीये? समोर विचारायला युजीन नव्हता, आणि असता तरी त्यांनी विचारलं नसतंच. माणूस गोंधळला की दोनच गोष्टी करतो. कबूल करतो, नाहीतर ओरडतो. मॅडमना एकच जमत होती.

“अश्लेषा, वर्षभर काय केलंस लॅबमध्ये? सगळ्यांचं उत्तर येतंय. तुझ्या एकटीचंच कसं थांबत नाही गं?”

मागे कुणीतरी खिदळलं. अश्लेषाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खाली पडू नये म्हणून ती वर ट्यूबलाइटकडे बघत राहिली. ते मॅडमनी पाहिलं. मुलगी गुणी, हिचं वर्ष एवढ्याशावरून जायला नको. अश्लेषा आता आपल्या जुन्या जागी, रोल नंबर चाळीसच्या विघ्नेशशेजारी परत येऊन बसली होती. मॅडम तिच्यापाशी गेल्या आणि पेपर सारखा करायचं निमित्त करून हळूच म्हणाल्या, “अगं, जरा शेजारी बघ ना. विघ्नेशचं आलंय. तसंच यायला हवं.”

बोलून गेल्यावर त्यांच्या त्यांनाच धक्का बसला. कॉपी पकडायला डाव रचणाऱ्या बाई, आणि आता स्वतःच शेजारी बघ म्हणतायत! करायला गेले गणपती, झाला मारुती.

अश्लेषाने विघ्नेशच्या स्क्रीनकडे बघितलं नाही. तिने मॅडमकडे बघितलं. ती नजर मॅडमना कळली नाही, पण टोचली.

पेपर तपासताना गठ्ठ्यातून एकामागून एक उणे १.७६९३ निघत गेले. अश्लेषाच्या पेपरवर मात्र तिच्या नीटस अक्षरात लिहिलेलं, ‘पहिला अंदाज १. आकडे ०, १, ०, १ असेच येत राहतात. थांबत नाहीत. उत्तर मिळत नाही.’ मॅडमनी पेन बराच वेळ हवेत धरलं. मग भोपळा दिला. तोच प्रश्न सगळ्यांत मोठा होता, त्यामुळे भोपळ्याबरोबर मुलगी नापासही झाली. नियम तो नियम, असं त्यांनी स्वतःला बजावलं. मार्क सोमवारी भरायचे होते.

रविवारी सकाळी रामचंद्रराव ओसरीवर तगरीच्या कळ्या पिशव्यांत भरत बसले होते आणि मॅडम त्यांच्यासमोर उगाच बसून होत्या. चहा गार झाला. वाडीतून कोकीळ ओरडत होती, तीही त्यांना शून्य-एक, शून्य-एक अशीच ऐकू येऊ लागली. शेवटी त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान फाडलं आणि पाठकोऱ्या बाजूवर पेन टेकवलं. मशीन जाऊ दे खड्ड्यात. हात कधी चुकला नाही आपला.

सूत्रात एक घातला. शून्य आलं.

मॅडम थांबल्या. मग शून्य घातलं. एक आला.

पुढे करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. एकावरून शून्य, शून्यावरून एक, पुन्हा शून्य. मशीन बिघडलं नव्हतं, मुलगी चुकली नव्हती. त्या वाटेने जन्मभर चाललं तरी देऊळ येणार नव्हतं. आणि हे कळायला ना संगणक लागत होता, ना युजीन. तीन ओळींचं गणित होतं, एखाद्या पोराने सहज विचारलं असतं तर त्यांनी फळ्यावर बोलता बोलता करून दाखवलं असतं. त्यांनी ते पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं.

“अहो, माझं चुकलं बहुतेक,” त्या म्हणाल्या.

रामचंद्ररावांनी मान वर केली. संसारात हे वाक्य त्यांनी फारसं ऐकलेलं नव्हतं. “काय चुकलं?”

मॅडमनी सांगितलं. शून्य, एक, मुलगी, भोपळा, सगळं.

“मग दे की मार्क तिला नि मिटव,” रामचंद्रराव म्हणाले आणि कळ्यांकडे वळले.

मिटवायचंच होतं. मॅडम लगेच उठून गठ्ठा काढायला गेल्या, आणि तिथे दुसरा घोटाळा त्यांची वाटच बघत होता. शून्य किंवा एक बाकी उरणारी एकटी अश्लेषा थोडीच होती? विघ्नेशचा नंबर चाळीस, बाकी शून्य. वर्गात पहिली येणारी अनुष्का, तिचीही बाकी एक. आणखीही होते. आणि ह्या सगळ्यांच्या पेपरवर छान उणे १.७६९३ लिहिलेलं. ज्यांना उत्तर येणं शक्यच नव्हतं त्यांना ते आलं होतं, त्याला मॅडमनी पूर्ण मार्क दिले होते, आणि जिला न येणंच बरोबर होतं तिला भोपळा. चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि वर ह्याच बाईंनी संन्याशाला सांगितलं होतं, की जरा त्या चोराचं बघ.

पण ते चोर तरी होते का? हे मॅडमना कळेना. कळेना म्हणून जेवण गोड लागेना.

सोमवारी त्या लॅबकडे गेल्या. जाताना ताकाला जाऊन भांडं लपवायची सगळी तयारी करून गेल्या. आधी एसीची चौकशी केली, मग युजीनच्या आईच्या गुडघ्यांची, मग नाताळात त्याने दिलेल्या गोड, खुसखुशीत कुलकुलांचं उशिरा कौतुक केलं. युजीन कौतुक ऐकत होता आणि मॅडमच्या हातातल्या कॅलेंडरच्या पानाकडे बघत होता.

“समजा,” मॅडम शेवटी म्हणाल्या, “समजा हं, एखाद्याचं शून्य-एक, शून्य-एक असं चालूच राहिलं, तर?”

“अडकतं मॅडम कधीकधी. काही स्टार्टिंग व्हॅल्यूंना ती मेथड फिरतच बसते. सिंपल आहे, व्हॅल्यू बदलायची. दुसरं काहीतरी टाकायचं. आम्ही कम्प्युटरवाले तेच करतो.”

“आपल्या मनाने?”

“हो. त्यात काय?”

“म्हणजे ती कॉपी नव्हे?”

“व्हॅल्यू बदलली तर कॉपी कशी होईल? उलट डोकं चालवलं म्हणायचं.” मग युजीनने जरा विचार केला. “शेजारच्याचं बघून लिहिलं तर मात्र कॉपी. आता उत्तर बघून ते कसं कळणार? उत्तर दोन्हीकडे तेच.”

“आणि जिने काहीच बदललं नाही? सांगितलं तसंच केलं, आणि थांबत नाही असं लिहून मोकळी झाली?”

“ती पण करेक्टच आहे मॅडम. सगळेच करेक्ट आहेत. फक्त प्रश्न जो आहे तो...” युजीनने जीभ चावली. त्याच्यातला मागच्या बाकावरचा विद्यार्थी एकदम जागा झाला.

“प्रश्न जो आहे तो काय?”

“चांगला होता मॅडम.”

मॅडम बाहेर आल्या त्या आत गेल्या होत्या त्यापेक्षा जास्त गोंधळून. फळ्यावरच्या गणितात बरोबर ते बरोबर असतं आणि चूक ती चूक. इथे नियम मोडणारे बरोबर, नियम पाळणारी बरोबर, बघून लिहिणारे कदाचित चोर आणि कदाचित नाहीत, आणि नियम करणारी बाई तेवढी चूक. ह्याची उकल त्यांच्याने होईना. जे हातात होतं ते त्यांनी केलं. अश्लेषाचा भोपळा खोडून तिथे पूर्ण मार्क लिहिले, सही केली आणि तिला बोलावणं पाठवलं.

अश्लेषा गणित विभागाच्या खोलीत आली ती पुन्हा बोलणी खायला आल्यासारखी. मॅडमनी तिला बसवलं, दार लोटलं आणि कॅलेंडरचं पान पुढे केलं. एकावरून शून्य, शून्यावरून एक. तिला दोन ओळींतच कळलं. तिसरी ओळ तिनेच पुरी केली.

“म्हणजे मशीन बिघडलं नव्हतं.”

“नव्हतं.”

“आणि मी पण नव्हते चुकले.”

“नाही गं बाळा. तू बरोबर होतीस. पूर्ण मार्क दिलेत मी. पास आहेस तू.”

आता ही हसेल, असं मॅडमना वाटलं. अश्लेषा हसली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“मॅडम, मला सगळे आता शून्य-एक म्हणतात. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर स्टिकर केलाय माझा, रडतानाचा. मी पप्पांना पण सांगून टाकलं, की नाही जमत मला गणित, एम.एस्सी. वगैरे नको. नोकरी बघते.”

“अगं पण आता कळलंय ना तुला? आता का नको?”

“मला कळलं. तुम्हाला कळलं. त्यांना कसं कळणार?” तिने लोटलेल्या दाराकडे बघितलं. “तुम्ही ओरडलात तेव्हा सगळे होते. आता माझं बरोबर आहे ते दार लोटून सांगताय.”

मॅडमना राग आला. खोटं कशाला बोला, आधी रागच आला. एवढीशी पोर, मार्क दिले, पास केलं, आणि वर आपल्याला वागायचं शिकवतेय! शिक्षकांनी मुलांसमोर चूक कबूल केली तर उद्या कोण ऐकेल? ह्या कॉलेजात आजवर कुणी केलीय? त्या काहीतरी खडसावून बोलणार होत्या. तोंडही उघडलं होतं. पण समोर कॅलेंडरचं पान होतं आणि त्यावरचं गणित काही हलत नव्हतं.

“सगळ्यांसमोर सांगू म्हणतेस?”

“मी नाही म्हणत मॅडम,” अश्लेषा उठत म्हणाली. “तुम्ही बघा.” आणि ती गेली. दार तिने उघडंच ठेवलं.

तिसऱ्या तासाला त्याच बॅचची लॅब होती. मॅडम जिना चढू लागल्या. जिन्यात त्यांनी एक बेत केला, की नवीन उदाहरण द्यावं आणि बोलता बोलता सहज उल्लेख करावा, म्हणजे साप मरेल आणि काठीही तुटणार नाही. लॅबच्या दारापाशी तो बेत त्यांनाच भिकार वाटला. ओरडताना काही आपण सहज उल्लेख केला नव्हता. मुलीचा सगळा पुढचा रस्ता अडला होता, आणि तो दोन वाक्यांनी मोकळा होणार होता. दोन वाक्यं बोलायला एवढं काय लागतं? त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं, की बरंच लागतं.

आत पोरं मशीनं सुरू करत होती. अश्लेषा आपल्या जागी होती, मान खाली घालून. मॅडमनी पांढऱ्या फळ्यावर परीक्षेतलं समीकरण लिहिलं. त्याखाली एकावरून शून्य काढलं, शून्यावरून एक काढला. मार्कर खाली ठेवला. वळल्या तेव्हा टकटकाट थांबलेला होता.

“परीक्षेतला हा प्रश्न मी एकाच अंदाजाने तपासला होता,” त्या म्हणाल्या. “बाकी शून्य किंवा एक असेल, तर हे थांबत नाही. कुठल्याच मशीनवर थांबणार नाही. अश्लेषाने लिहिलं होतं ते बरोबर होतं. मी तिच्यावर ओरडले. चुकलं माझं.”

शेवटचे दोन शब्द इतके हळू आले, की मागच्या रांगेतल्यांनी एकमेकांना विचारलं, काय म्हणाल्या? कुणाला कुठे बघावं कळेना. मॅडमनी चूक कबूल केल्यावर काय करायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. प्रल्हाद दारात वायरचं वेटोळं हातात धरून उभा राहिला होता. अश्लेषाने मान वर केली. ती हसत नव्हती, पण ओढणीचं टोक तिने सोडलं होतं.

मग विघ्नेश उठून उभा राहिला. उभा राहिला आणि खुर्चीशी खेळत राहिला.

“मॅडम, माझं पण शून्य-एकच येत होतं.”

“तुझं?”

“हो. मग मी दोन टाकलं.”

“माझं पण,” अनुष्का बसल्या बसल्या म्हणाली. “मी तीन टाकून बघितलं, मग आलं. यूट्यूबवर सांगितलेलं असतं तसं.”

“मी अनुष्काचं बघितलं,” मागून कुणीतरी बोललं, आणि आता बोललोच आहोत तर बोलू म्हणून पुढे म्हणालं, “सॉरी मॅडम.”

“माझं पण.” “माझं पण अडकलेलं.” लॅबच्या चारी कोपऱ्यांतून आवाज यायला लागले. मॅडम एका आवाजाकडून दुसऱ्या आवाजाकडे मान वळवत राहिल्या. म्हणजे त्या दिवशी, त्या हात मागे बांधून समाधानाने फिरत होत्या तेव्हा, अर्धी लॅब शून्य-एकात अडकून बसली होती. त्या जवळ येताना दिसल्या की पोरं स्क्रीन बदलत होती. आणि आपल्याला काय दिसलं? नुसतं उणे १.७६९३. त्यांना हसावं की रडावं कळेना. राग कुणावर काढावा तेही कळेना.

“अरे, पण मग एवढ्या सगळ्यांचं अडकलं होतं, तर मला विचारलं का नाही कुणी?” त्या जवळजवळ काकुळतीने म्हणाल्या.

विघ्नेशने शेजारी अश्लेषाकडे बघितलं, मग खाली कीबोर्डकडे.

“अश्लेषाने विचारलं होतं ना, मॅडम.”